दवनीवाड्याचा दिवस

शहरातल्या कुणालाही विचारा, "काय, कसे काय?" उत्तर ठरलेले असते – "काय सांगू, दिवस पुरत नाही!" खेड्यातल्या एखाद्या वृद्धाला तेच विचारा. तो म्हणेल, "दिवस सरत नाही." दिवस दोघांनाही सारखाच, चोवीस तासांचा. एकाला तो आखूड होतो आणि दुसऱ्याला लांब.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. परिवलन आणि परिभ्रमण हे दोन शब्द मुलांच्या डोक्यात वेगवेगळे ठेवता ठेवता माझे निम्मे आयुष्य गेले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, त्याने दिवसरात्र होते. सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, त्याने वर्ष होते. मुले हे पाठ करीत, परीक्षेत लिहीत आणि गुण मिळवीत. पण दिवस एवढाच लांब का, असे त्या तीस वर्षांत एकाही मुलाने विचारले नाही. तो प्रश्न मला विचारला एका ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी. नात्याने ते माझे सासरे.

आमच्याकडे, म्हणजे माझ्या सासरी, सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी माहेरची पुण्याची, त्यामुळे लग्नानंतर पहिले काही महिने "मामाजी" म्हणताना मला आईच्या भावांचीच आठवण होई. सासर दवनीवाड्याचे. गोंदिया तालुक्यातले हे गाव. पूर्वी ते भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ साली गोंदिया हा जिल्हा वेगळा निघाला. हा सगळा मुलूख धानाचा. पुण्यामुंबईकडे शेतात भात असतो, तिकडे धान असते, आणि ते ज्या बांध घातलेल्या तुकड्यांत उभे असते त्यांना बांध्या म्हणतात. मामाजींचे सारे आयुष्य त्या बांध्यांवर गेले. रात्री पाण्याची पाळी आली की ते मनगटाकडे पाहत नसत. मृगाचे तीन तारे कुठवर आले ते पाहत आणि किती रात्र उरली ते सांगत. घरात भिंतीवर घड्याळ होते, पण ते पाहुण्यांसाठी.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. एवढ्या मोठ्या घरात मामाजी एकटे उरले. मुलगा ठाण्यात, सून ठाण्यात, मग म्हाताऱ्या माणसाने गावी एकटे का राहावे? कुणालाही जे सुचेल तेच आम्हाला सुचले. आम्ही त्यांना घेऊन आलो. गॅलरीलगतची खोली दिली, खाट दिली, रेडिओ दिला. त्यांनी कशालाही नाही म्हटले नाही.

आठेक दिवसांनी पहाटे उठून पाहते तो मामाजी अंधारात गॅलरीत बसलेले. मी दिवा लावला, तशी ते म्हणाले, "सूनबाई, इकडं दिवस निघतच नाही काय?"

पौषाचे दिवस होते. मुंबईठाण्याला त्या दिवसांत सात वाजून गेले तरी सूर्य वर येत नाही. दवनीवाड्याला तो त्याच्या पंचवीस मिनिटे आधी आलेला असतो. संध्याकाळी उलट. तिकडे सूर्य मावळल्यावर इकडे तो आणखी अर्ध्या तासाहून अधिक रेंगाळतो. हिशेब साधा आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. दवनीवाडा ८० अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, ठाणे ७३ च्या जवळ. सात अंशांची अठ्ठावीस मिनिटे झाली. अक्षांशातल्या फरकाने त्यात ऋतूप्रमाणे चार-पाच मिनिटांची भर पडते किंवा घट होते. एकच राज्य, एकच घड्याळ, पण सूर्य मात्र ज्याचा त्याचा.

मी हे सारे त्यांना समजावून सांगितले. मास्तरीण ना मी! त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे घड्याळ तुमचं अन् दिवस माझा."

गंमत अशी की, एके काळी घड्याळही त्यांचेच होते. एकोणिसाव्या शतकात गावोगावची वेळ वेगळी असे. आगगाडी आली आणि तिला सगळीकडे एकच वेळ हवी झाली. तेव्हा आगगाड्यांनी मद्रासच्या वेधशाळेची वेळ घेतली. आता नकाशा उघडून पाहा. मद्रासपासून सरळ उत्तरेला बोट सरकवत नेले तर ते गोंदियाजवळून जाते. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखांशावर! म्हणजे हिंदुस्थानभर आगगाड्या ज्या वेळेवर धावत होत्या ती वेळ आणि दवनीवाड्याच्या बांधीवरची सूर्याची वेळ यांत फार तर मिनिटभराचा फरक असे. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांची प्रमाणवेळ आली आणि दवनीवाड्याचा सूर्य घड्याळाच्या दहा मिनिटे मागे पडला. मुंबईचा पडला एकोणचाळीस मिनिटे मागे. मुंबईकरांना ते मानवले नाही. आपला सूर्य डोक्यावर येण्याआधीच बारा वाजवायचे, हे त्यांना पटेना. मुंबईच्या नगरपालिकेने आपली जुनी वेळ १९५५ सालापर्यंत सोडली नाही. एकोणचाळीस मिनिटांसाठी एक शहर अर्धशतक अडून बसले!

ही गोष्ट मामाजींना फार आवडली. पण त्यांचा खरा प्रश्न त्यापुढचा होता. "वेळ साहेबांनी ठरवली, ते समजलं. पण दिवस एवढा, हे कोनं ठरवलं?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दिवसाचे चोवीस तास केले माणसांनी. आपल्या पूर्वजांनी त्याच दिवसाच्या साठ घटका केल्या होत्या. एक घटका चोवीस मिनिटांची. मुहूर्त साधण्यासाठी लग्नात पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडत. भोक असलेली ती वाटी भरून बुडाली की घटका भरली. मामाजींनी आपल्या आत्याच्या लग्नात ती पाहिली होती. तुकडे कसेही पाडा. पण मूळ भाकरी केवढी, हे माणसाने ठरवलेले नाही. पृथ्वी ज्या वेगाने फिरते त्या वेगाने ते ठरते. मग तो वेग कुठून आला?

मी फुगडीचे उदाहरण घेतले. दोघी मुली हात ताणून, लांब रेलून फिरतात तेव्हा फुगडी संथ असते. पाय जवळ आणून अंग आत घेतले की ती गरगरते. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि ग्रह यांच्या जागी वायू आणि धूळ यांचा एक अफाट ढग होता आणि तो अगदी मंद फिरत होता. आपल्याच ओढीने तो आत आत आकसला आणि फुगडीसारखा वेगाने फिरू लागला. त्याच्या मधल्या भागाचा सूर्य झाला, उरलेल्या चकतीत गोळे जमले आणि त्या गोळ्यांनाही फिरण्याचा वारसा मिळाला. भोवरा जमिनीवर घासतो म्हणून थांबतो. आकाशात जमीन नाही, घासायला काही नाही, म्हणून एकदा मिळालेली फिरकी कोट्यवधी वर्षे टिकते.

वारसा एकाच घराण्याचा, पण भावंडांचे दिवस पाहा किती वेगळे! गुरू सर्वांत मोठा, त्याच्या पोटात अकराशेहून अधिक पृथ्व्या मावतील. तो दहा तासांच्या आत एक फेरी पुरी करतो. एवढ्या वेगामुळे तो कमरेशी फुगला आहे. दुर्बिणीतून पाहिले की तो पुरता गोल दिसत नाही. शनीचा दिवस साडेदहा तासांचा. पण तो नेमका मोजायला २०१९ साल उजाडले, कारण त्याच्यावर खूण करायला घट्ट जमीनच नाही. शेवटी कॅसिनी यानाने पाहिलेल्या कड्यांमधल्या लाटांवरून तो काढला – दहा तास तेहतीस मिनिटे आणि काही सेकंद. युरेनस सव्वासतरा तासांत फिरतो, पण कुशीवर निजून. कधी काळी त्याला मोठा धक्का बसला असावा, असे अभ्यासक म्हणतात. सुरुवातीच्या काळात असे धक्के साऱ्यांनीच खाल्ले. शेवटचा मोठा धक्का कुठून आणि कसा बसला यावर फिरकीचा वेग आणि आसाचा कल बराचसा ठरला.

शुक्राची तऱ्हा न्यारी. तो उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेला उगवेल. स्वतःभोवती एक फेरी घ्यायला त्याला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला २२५. तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले ११७ दिवस जातात. त्याच्याभोवती हवेचे जे जाड पांघरूण आहे ते सूर्य तापवतो आणि ओढतोही, आणि त्या ओढाताणीचा त्याच्या फिरकीत हात आहे, असे मानतात. बुध सूर्याच्या इतका जवळ की, सूर्याने त्याला जवळजवळ मुठीतच धरले आहे. दोनदा सूर्याला प्रदक्षिणा घालेपर्यंत तो स्वतःभोवती बरोबर तीन फेऱ्या घेतो. त्याचा एक दिवस आपल्या १७६ दिवसांचा, म्हणजे त्याच्याच दोन वर्षांचा!

इथे मी एक गणित करून पाहिले. बुधाच्या विषुववृत्तावर सूर्य पश्चिमेकडे सरकतो तो सरासरी ताशी साडेतीन किलोमीटरच्या वेगाने. हा माणसाच्या चालीचा वेग. तिथे कुणी पश्चिमेकडे तोंड करून चालत राहिला तर सूर्य त्याच्यापुढे आहे तिथेच राहील. शुक्रावर त्यासाठी सायकल लागेल. आणि दवनीवाड्यात बसल्या जागी आपण ताशी साडेपंधराशे किलोमीटरने पूर्वेकडे चाललो आहोत.

मामाजी म्हणाले, "बुधावर चालत गेलं तर संध्याकाळच होणार नाही?"

"नाही."

ते काही बोलले नाहीत. सासूबाई गेल्यापासून त्यांना जड जाते ती संध्याकाळ, हे मला ठाऊक होते. दिवेलागणीला ते खुर्चीवर बसत नाहीत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येरझारा घालतात. आणि मुंबईकडची संध्याकाळ त्यांच्या हिशेबाने अर्धा तास जास्त ताणलेली.

पुढे चंद्राचा विषय निघाला तो त्यांच्यामुळेच. गुरू एवढा मोठा असून दहा तासांत फिरतो, मग पृथ्वीलाच चोवीस तास का, असे त्यांनी विचारले. उत्तर असे की, पृथ्वीही पूर्वी बरीच भरभर फिरत होती. मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या राबिटातून चंद्र जमला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी पृथ्वीचा दिवस अवघा पाच-सहा तासांचा असावा. तेव्हापासून चंद्र तिला आवरतो आहे. चंद्राच्या ओढीने समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी वेगाने फिरत असल्याने तो फुगवटा चंद्राच्या जरा पुढे जातो. चंद्र त्याला मागे खेचतो. भरतीओहोटीचे पाणी उथळ समुद्रतळावर घासते आणि गिरणीच्या चाकाला ब्रेक लागावा तशी पृथ्वी मंदावते. तिने गमावलेली फिरकी चंद्राच्या वाट्याला जाते, आणि तो दूर सरतो – दर वर्षी ३.८ सेंटिमीटर. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसा ठेवला. त्यावर आणि त्यानंतर ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण पाठवून हे अंतर मोजले जाते.

शंभर वर्षांत दिवस लांबतो तो दोन मिलिसेकंदांहूनही थोडा कमी. एवढ्याशाने काय होते, असे वाटेल. पण रोजचे थोडे साचत जाते. इ.स.पूर्व १३६ मध्ये बाबिलोनच्या लोकांनी खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि मातीच्या विटांवर लिहून ठेवले. आजच्या वेगाने पृथ्वी मागे फिरवत नेली तर ते ग्रहण बाबिलोनला दिसायलाच नको. सव्वातीन तासांचा फरक पडतो. त्याहून जुनी साक्ष पोवळ्यांची. अमेरिकेतील जॉन वेल्स यांनी १९६३ साली सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांवरच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या. वर्षाला सुमारे चारशे भरल्या! वर्ष तेवढेच होते, पण त्यात चारशे दिवस मावत होते, म्हणजे दिवस बावीस तासांचा होता. मंगळाला असा चंद्र नाही. त्याचे दोन चंद्र म्हणजे दोन डोंगराएवढे धोंडे, त्यांच्याने काय आवरले जाणार? मंगळाचा दिवस आपल्याहून एकोणचाळीस मिनिटांनी मोठा आहे, पण तो बहुतांशी त्याच्या जन्मापासूनचा.

मामाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे जोडीदारानं दिवस एवढा केला."

मला वाटले, ते आता सासूबाईंविषयी काही बोलतील. ते बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मला गावी पोचवून द्या."

त्यानंतरचा महिना आमच्या घरात फार कठीण गेला. यजमान ऐकेनात. ब्याऐंशीव्या वर्षी वडिलांना एकटे ठेवायचे? रात्री काही झाले तर? नातेवाइकांचे फोन येऊ लागले. एका बाईंनी तर मला सरळच विचारले, "चार महिन्यांतच कंटाळलात?" सून सासऱ्यांना गावी धाडते म्हटले की पुढचे कुणी ऐकतच नाही. मी मामाजींच्या बाजूने बोलत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक मीच वाईट ठरत होते.

एका रात्री मी यजमानांना मंगळाची गोष्ट सांगितली. २००४ साली मंगळावर दोन फिरत्या गाड्या उतरल्या. त्या मंगळाच्या उजेडात चालायच्या, म्हणून कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ मंगळाच्या दिवसाप्रमाणे कामावर येऊ लागले. रोज एकोणचाळीस मिनिटे उशिरा. आज सकाळी नऊ, तर अठरा दिवसांनी रात्री नऊ. खिडक्यांना पडदे लावले, मंगळाची वेळ दाखवणारी घड्याळे करून घेतली. तरुण, हौशी माणसे ती. पण काही महिन्यांत थकून गेली. "एकोणचाळीस मिनिटांनी तरणी माणसे थकतात," मी म्हटले, "आणि मामाजी इथे रोज एका परक्या दिवसात उठतात. त्यांना मुंबई नको असे नाही. त्यांना त्यांचा दिवस हवा आहे." यजमान म्हणाले, "हे अर्धा तासाचे आहे असे तुला खरेच वाटते?" मी म्हटले, "नाही. पण अर्धा तास त्यांना बोलून दाखवता येतो. बाकीचे नाही."

यजमान त्या रात्री काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी विदर्भ एक्सप्रेसची तीन तिकिटे आणली. दोन परतीची.

आम्ही अर्थातच त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. शेजारच्या घरात चुलतदीर आहेत, त्यांच्याकडून दोन वेळचा डबा येतो. रात्री त्यांचा मुलगा मामाजींच्या ओसरीवर झोपतो. दर दोन महिन्यांनी आमच्यापैकी कुणीतरी जाऊन येते. काळजी संपली आहे असे मी म्हणणार नाही. फोन अवेळी वाजला की अजूनही आम्हा दोघांच्या पोटात गोळा येतो. पण रोजचा फोन ठरलेल्या वेळी येतो – त्यांच्या दिवेलागणीला. "दिवस बुडला," एवढेच आधी सांगतात. त्या वेळी माझ्या गॅलरीसमोरच्या इमारतीवर पिवळे ऊन असते. ती वेळ त्यांना एकट्याने काढावी लागू नये म्हणून मी हातातले काम ठेवते आणि धान कसे आहे, कोण आले, कोण गेले, हे विचारते. बोलणे संपेपर्यंत इकडेही सूर्य खाली आलेला असतो.

दिवस पुरत नाही, असे मी आताशा म्हणत नाही. या पृथ्वीने पाच-सहा तासांपासून सुरुवात केली आणि इतक्या धक्क्यांतून, इतक्या ओढाताणीतून एवढा मोठा दिवस आपल्या पदरात टाकला. त्याला अपुरा म्हणणे मला बरे वाटत नाही. तो आणखी लांबणार आहे, पण आपल्या हयातीत नव्हे.

या दिवाळीला आम्ही सारे दवनीवाड्याला जाणार आहोत. धान कापणीला आलेले असेल, दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतील. काय आणायचे म्हणून परवा विचारले, तर मामाजी म्हणाले, "घड्याळाचे दोन सेल आणा. भिंतीवरचं घड्याळ मागं पडते."

मी गमतीने विचारले, "किती मागे? शंभर वर्षांत दोन मिलिसेकंद?"

"आठवड्याला पाच मिनिटं," ते म्हणाले.

सेल घेऊन ठेवले आहेत.